फौजदार जेवत नाही: खुराड्याच्या वहीतून

५ जानेवारी २०२५, रविवार

नव्या खुराड्याला आज हात घातला. जुनं पावसाळ्यात खालून कुजलं आणि मागच्या कोपऱ्यात मुंगसाने उकरायला सुरुवात केली आहे. माप ठरलं: लांबी सहा फूट, रुंदी चार, पुढची उंची पाच आणि मागची चार, म्हणजे पत्र्याला आपोआप उतार. चार कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढ्यांना ऐसपैस. जाळी अर्ध्या इंचाची, चौकोनी, वेल्ड केलेली. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळते ती पातळ तारेची, षट्कोनी भोकांची. मुंगूस आणि बोका यांच्यापुढे तिचं काही चालत नाही.

बसायची दांडी दोन इंच रुंद, चपटी, वरच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केलेल्या. थंडीत कोंबडी पायांवर बसकण मारते आणि पोटाच्या पिसांनी बोटं झाकून घेते. दांडी बारीक असली तर बोटं बाहेर राहतात. माणशी, म्हणजे कोंबडीशी, आठ ते दहा इंच जागा धरली आहे.

वही तीच जुनी. पुढून मागाचा हिशेब (रेशीम, जर, मजुरी), मागून कोंबड्यांचा. ह्यांचं म्हणणं, दोन्हीकडून खर्चच भरत आलीस तर मधल्या पानावर दिवाळं निघेल.

९ जानेवारी, गुरुवार

चौकट उभी राहिली. नव्या जागी हलवण्याआधी सगळ्यांची वजनं करून ठेवली. हुकाचा काटा तुळईला अडकवला आणि एकेकीला कापडी पिशवीत घातलं, डोकं तेवढं बाहेर. काळी १ किलो ५६०, तांबडी १ किलो ६२०, भुरी १ किलो ४८०, चिंगी १ किलो ३९०. फौजदार २ किलो ४१०. गावठी कोंबड्याला हे वजन चांगलंच म्हणायचं.

नुसतं बघून कोंबडीच्या अंगाचा अंदाज येत नाही. पिसं सगळं झाकतात. वाळलेला कोंबडासुद्धा बाहेरून गुबगुबीत दिसतो. हात लावायचा तो छातीच्या हाडाला. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं असलं की हाड बोटाला जेमतेम लागतं. त्याची धार लागायला लागली की समजावं, पक्षी खंगतोय. फौजदाराचं हाड आज शोधावं लागलं.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

काम बंद. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, भोगीची भाजी, आणि गच्च्यांवर सकाळपासून हलकडी वाद्याचा दणदणाट. येवल्यात हे तीन दिवस कुणाला काही काम सांगू नये. भोगी, संक्रांत, कर. अख्खं गाव आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, घेऊन पतंग उडवायला वर.

फौजदाराला भाकरीचा तुकडा टाकला. त्याने नेहमीचा थाट केला. तुकडा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, परत उचलायचा आणि घशातून भराभर कुक्-कुक्-कुक् असं बोलावणं लावायचं. कोंबड्या धावत येतात, तुकडा त्या खातात आणि साहेब मान ताठ करून बाजूला उभे. ह्यात त्याचा स्वार्थही आहे, जो खाऊ घालतो त्याच्याभोवती कोंबड्या राहतात. पण त्यामुळे कळपातला कोंबडा स्वतः किती खातो हे सांगणं कठीण होऊन बसतं. कळपात वाढलेले कोंबडे ऐन उमेदीत बारीक राहतात ते बरेचदा ह्याच दानशूरपणामुळे.

१५ जानेवारी, बुधवार, कर

आज पतंग कमी, काटाकाटी जास्त. संध्याकाळपर्यंत ‘वक्काट’ची आरोळी थांबली नाही. शेवग्यावर, विजेच्या तारांवर, न्हाणीच्या पत्र्यावर सगळीकडे मांजाची गुंतवळ. कोंबड्या तिन्ही दिवस बहुतेक वेळ डालूनच ठेवल्या, उन्हं कलल्यावर तेवढ्या सोडल्या. परसात पडलेला मांजा धाकट्याने काठीला गुंडाळून गोळा केला, चांगला ओंजळभर निघाला. शेवग्याच्या शेंड्यावरचा तसाच लोंबतोय, तिथे कुणाचा हात पोचत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

पत्रा चढवला. उतार बरोबर आला.

फौजदार सकाळी भरड्याची वाटी सोडून उभा होता. बांग दिली, पण मध्येच सोडून दिली. कालही भांड्यात जास्त उरलं होतं असं सासूबाई म्हणाल्या. थंडी आहे हे खरं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की इथेही पहाटे मागावर बोटं वळत नाहीत. पण थंडीत कोंबडी जास्त खाते. तिच्या अंगाची ऊब ४१-४२ अंशांची, ती टिकवायला दाणा लागतो. एप्रिल-मेमध्ये तोंड फिरवलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं, उन्हाने धापा टाकणारी कोंबडी खाणं कमी करतेच. जानेवारीत खाणं सुटलं म्हणजे काहीतरी बिनसलं आहे.

संध्याकाळी डालताना सगळ्यांच्या गळ्याखालची पिशवी चाचपली. दिवसभर टिपलेला दाणा आधी ह्या पिशवीत साठतो, मग सावकाश खाली सरकतो आणि खडे भरलेल्या त्या जाड पोटात दळला जातो, ज्याला चिकनच्या दुकानात पेटा म्हणतात. पोटभर खाल्लेल्या कोंबडीची पिशवी संध्याकाळी भिजवलेल्या हरभऱ्याच्या पुरचुंडीसारखी हाताला लागते. चौघींची तशीच होती. फौजदाराची जवळजवळ रिकामी.

उद्या सकाळी उजाडायच्या आत परत बघायची. रात्रीतून पिशवी रिकामी व्हायला हवी. सकाळीही भरलेली आणि घट्ट लागली तर गवताचा बोळा अडकलेला. पचपचीत लागली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत बुरशी माजलेली.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी पिशवी सपाट. खाली काही तुंबलेलं नाही. जे थोडंफार जातं ते पुढे सरकतंय, पण जातच कमी आहे.

वजन २ किलो २६०.

विष्ठा थोडी, पातळसर आणि हिरवी. वरची पांढरी टोपी आहे. हिरवा रंग बघून पोटात गोळा आला, कारण मानमोडीतही हिरवी हगवण लागते. पण उपाशी पक्ष्याचीही हिरवीच पडते. अन्न नसलं की नुसतं पित्त उतरतं. मानमोडीची बाकी चिन्हं एकही नाहीत. मान पिळलेली नाही, पंख लुळे नाहीत, चोच उघडून श्वास घेत नाही. शिवाय लस झालेली आहे: पिल्लू असताना लासोटाचे थेंब, मग आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. सरकारी कागदावर ह्या रोगाला राणीखेत म्हणतात, कुमाऊंमधल्या त्या गावावरून. आणि आर-टू-बी लसीचा विषाणूही त्याच कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या नावाने ओळखला जातो. ज्या डोंगराने रोगाला नाव दिलं त्यानेच लसीलाही दिलं.

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, “अगं सूनबाई, उद्या रविवार आहे. आणखी वाळायच्या आत रस्सा करून टाक. जिवाला कशाला घोर?” काकांना चहा पाजला आणि विषय मागाकडे वळवला.

सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ-मोहरी चुलीत टाकली तशी तडतडली. “बघ, केवढी लागली होती!” मी काही बोलले नाही. फौजदार तेवढा वेळ त्यांच्या मांडीवर गप्प बसून होता. एरवी हा कुणाच्या बापाला अंगाला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी गॅसवाल्याच्या पोटरीत काटा मारला होता. त्याचं असं गप्प बसणं मला वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त लागलं.

१९ जानेवारी, रविवार

उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाल्याची बातमी. भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितलं म्हणे. उदगीर कुठे आणि येवला कुठे, पण देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नंदुरबारच्या नवापुरात निघाला होता आणि तेव्हा लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या होत्या. त्या दिवसांत घरात अंडं फोडायलाही माणसं घाबरत होती.

धाकट्याने बातमी ऐकली आणि सरळ विचारलं, “मम्मी, फौजदारला तेच झालंय का?”

बसून नीट विचार केला. तसं असतं तर फौजदार एकटाच आजारी राहिला नसता. कोंबड्या एकापाठोपाठ एक गेल्या असत्या, तुरे जांभळे पडले असते, तोंडं सुजली असती. चौघी ठणठणीत आहेत, आजही तीन अंडी दिली. तरी त्याचं भांडं वेगळं केलं, परसातली चप्पल वेगळी ठेवली, हात लावला की साबण. धाकट्याला जवळ जायला मनाई, त्यावरून तो रुसला. पशुसंवर्धनचा १९६२ नंबर भिंतीवर लिहून ठेवला आहे. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर तिथे आधी फोन, मग बाकी सगळं.

रात्री सगळे दांडीवर बसल्यावर बॅटरी घेऊन गेले. ती बारीक लाल कीड दिवसा फटींमध्ये दडून बसते आणि रात्री वर चढून रक्त पिते, म्हणून दिवसा शोधून उपयोग नसतो. दांडीच्या खालच्या अंगाने पांढरा कागद घासला. लाल डाग उठला नाही. शेपटीखाली पिसांच्या मुळाशी उवांची अंडी चार-दोन, तेवढी कुठल्याही गावठी कोंबडीवर असतात. तुरा लाल आहे. जंतांनी किंवा किडीने रक्त खाल्लं असतं तर तो फिका पडला असता. ह्याची फक्त टोकं मऊ पडली आहेत. जंताचं औषध डिसेंबरात झालं. पिसं झडायचा हंगाम दिवाळीआधीच उरकला, त्या काळात कोंबडा मलूल असतो, पण आता त्याचं नवं शेपूट पूर्ण आलेलं आहे. मक्याचा भरडा हातात घेऊन हुंगला, उन्हात बघितला. बुरशी नाही, कुबट वास नाही. त्याच पोत्यातलं चौघी खातात.

मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं खोडून झालं. ह्यामुळे बरं वाटायला हवं होतं, उलट धास्ती वाढली.

२० जानेवारी, सोमवार

मागावर बसलेच नाही. फौजदाराला न्हाणीशेजारी वेगळ्या डालग्यात ठेवलं आणि वाटीत काट्यावर मोजून ५० ग्रॅम बाजरी दिली. एवढ्या कोंबड्याला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतात, म्हणजे ही अर्ध्या दिवसाची. दुपारी वाटीतली आणि खाली सांडलेली गोळा करून मोजली: ४६ ग्रॅम.

आकड्यापेक्षा त्याचं वागणं महत्त्वाचं निघालं. भूक मेलेला कोंबडा दाण्याकडे बघत नाही. पिसं फुलवून कोपऱ्यात डोळे मिटून बसतो. हा वाटीपाशी येत होता, टिपत होता आणि दाणा खाली पडत होता. टिपला, पडला. परत टिपला, परत पडला. बघणाऱ्याला त्यात वावगं काही वाटू नये, कारण हे तर तो आयुष्यभर करत आलाय, कोंबड्यांना बोलावताना अगदी असंच. पण आज जवळ एकही कोंबडी नव्हती. आणि घशातून कुक्-कुक् येत नव्हतं. बोलावणं नाही, तरी दाणा पडतोय.

धाकट्याला मनाई उठवून त्याचा मोबाइल मागून घेतला. त्यात स्लो मोशन आहे. कोंबडीला दात नाहीत, ओठ नाहीत. दाणा ती चोचीच्या टोकात धरते, डोक्याला बारीक झटका देऊन आत फेकते आणि मग जीभ तो घशाकडे लोटते. फौजदार झटका देत होता. दाणा आत जात होता. जीभ मात्र जागची हलत नव्हती, आणि दाणा चोचीच्या कडेने घरंगळून बाहेर. पाण्याचंही तेच. चोच बुडवली, मान वर केली, अर्धं पाणी बाजूने गळून गेलं. हनुवटीखालची पिसं ओली, एकमेकांना चिकटलेली. नाक जवळ नेलं तर नासका वास.

ह्याला भूक आहे. ह्याला गिळता येत नाही.

ह्यांनी टॉवेलात गुंडाळून धरला, मी चोच उघडली, धाकट्याने बॅटरी. कोंबड्याची जीभ त्रिकोणी, टोकदार, आणि मुळाशी मागे वळलेल्या बारीक काट्यांची रांग असते. दाणा एकदा त्या रांगेपलीकडे गेला की परत येऊ नये म्हणून. त्या काट्यांच्या मागे सूज होती, सुजेवर पिवळट पांढरा थर, आणि थराच्या मधोमध आत रुतलेली एक रेघ. आधी मनात देवी आली. देवी नुसत्या तुऱ्यावर येत नाहीत, तोंडातही असे पिवळे चट्टे धरतात. पण रेघ फार सरळ होती, दोन्ही कडांना सारख्या खोलीची. बॅटरी थोडी तिरपी करायला लावली तर रेघ चमकली, हिरवट.

आयुष्य धाग्यात गेलं आहे, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही.

धाकटा धावत चिमटा घेऊन आला. त्याच्यावर ओरडावं लागलं. जिभेभोवती फास आहे हे दिसतंय, पण दुसरं टोक कुठवर गेलंय ते दिसत नाही. गिळलेला धागा खाली पेट्यात धरला गेला असेल तर वरून ओढल्यावर तो ताणला जातो आणि वाटेत जे येईल ते कापतो. मांजा तर कापण्यासाठीच बनवलेला. हात लावला नाही.

रात्री गूळ-मिठाचं पाणी सुई नसलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेतून पाजलं, थेंब-थेंब, प्रत्येक वेळी त्याने गिळेपर्यंत थांबून. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या लगेच मागे उघडते. घाईने पिचकारी मारली तर पाणी सरळ फुप्फुसात.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी वजन २ किलो ४०. छातीच्या हाडाची धार लागते.

दवाखान्यात दोन गायी, एक गाभण शेळी आणि डालगं घेऊन मी. डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, “ताई, लस का?”

“नाही डॉक्टर, जिभेच्या मुळाशी मांजा अडकलाय.”

“तुम्ही बघितलात?”

मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो परत एकदा लावला, मग कंपाउंडरला हाक मारून त्यालाही दाखवला. शेळीवाले आजोबा उठून बघायला आले.

सूज उतरवायचं इंजेक्शन देऊन थोडा वेळ थांबलो. मग टेबलावर आडवा. मी पाय आणि पंख धरले, कंपाउंडरने चोच उघडी ठेवली, डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावला. जीभ कापसाने धरून हळूच पुढे घेतली. थर पुसल्यावर फास उघडा पडला: एक वेढा नव्हे, दोन. खाताना जिभेची मागेपुढे होणारी प्रत्येक हालचाल तो आणखी आवळत गेली असणार. बारीक वाकड्या कात्रीचं टोक वेढ्याखाली सारायला जागाच नव्हती, इतका रुतलेला. शेवटी डॉक्टरांनी बाजूने, जिथे दोन वेढे एकमेकांवरून जात होते तिथे कात्री घातली. कट् असा आवाज मला ऐकू आला. फौजदाराने पाय झाडले.

“आता खालचं टोक बघू. सहज आलं तर घेऊ. अडलं तर इथेच कापू, उरलेलं त्याचं तो बघेल.”

गळ्याखालची पिशवी त्यांनी बोटांनी चाचपली, गोळा लागला नाही. धागा चिमट्यात धरून नुसता तोलून बघितला, ओढला नाही. तो आला. वीतभर, लाळेने माखलेला, टोकाला एक गाठ आणि गाठीत गवताची काडी. पेट्यापर्यंत पोचलाच नव्हता. जिभेमागे अडकून राहिला म्हणून खाली गेला नाही, आणि खाली गेला नाही म्हणून आतडी वाचली.

जिभेचं टोक काळं पडलेलं नाही, म्हणजे रक्त चालू होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पुढचा भाग सडून गळाला असता, असं डॉक्टर म्हणाले, आणि जीभ गेलेला कोंबडा हाताने भरवूनच जगवावा लागतो. जखम धुतली, आयोडीनचा बोळा फिरवला. घरी द्यायला प्रतिजैविकाचे थेंब आणि सुजेचं औषध. हे औषध चालू असेतो आणि त्यानंतरही काही दिवस ह्याला कापून खायचं नाही, हेही त्यांनी नेमाने सांगितलं. शेळीवाले आजोबा हसले. मी काकांना हा निरोप द्यायचा ठरवला.

धागा कागदात बांधून घरी आणला. चुलीपाशी टोक पेटवून बघितलं. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. आमच्याकडे रेशीम खरं की खोटं ते असंच बघतात. सूत कागदासारखं जळून जातं. ह्याचा वितळून काळा, कडक मणी झाला. नायलॉन. हा मांजा हरित लवादाने २०१७ साली देशभर बंद केलेला आहे. आठ वर्षांनी तो फौजदाराच्या जिभेला होता. कुठून आला? शेवग्यावरून वाऱ्याने पडला असेल, किंवा काडीसकट गवतातून टिपला असेल. कोंबडा हिरवं आणि चमकणारं काहीही उचलून बघतो.

२३ जानेवारी, गुरुवार

पहिले दोन दिवस गुरगुट्या भात आणखी पातळ करून, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. अंड्याला सासूबाईंची हरकत. “स्वतःच्या पोरांना कोण खातं?” डॉक्टरांचं नाव सांगितल्यावर त्यांनीच बलक काढून दिला, पण फौजदाराकडे पाठ करून.

भरवायचं तेही चमच्याने घशात कोंबायचं नाही. चोचीच्या आत पुढेच चिमूटभर ठेवायचं आणि त्याला जीभ वापरू द्यायची. काल जीभ थरथरत होती, आज दोनदा स्वच्छ मागे गेली. मधून ताक.

कोंबड्यांचा लेअर मॅश मऊ असतो, तो भिजवून देऊ का असं वाटलं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं. अंड्याच्या कवचासाठी त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, नराला एक टक्काही लागत नाही. जादाचं सगळं मूत्रपिंडांनी बाहेर काढायचं. आजारातून उठणाऱ्यावर तो बोजा कशाला.

विष्ठेचा हिरवा रंग गेला.

२६ जानेवारी, रविवार

वजन २ किलो १३०. पहाटे पूर्ण बांग, मधे न तुटता. मग शाळेच्या भोंग्यावर देशभक्तीची गाणी लागली तशी त्याने प्रत्येक गाण्याला उत्तर दिलं. काका कुंपणाशी येऊन म्हणाले, “उठला म्हणायचा तुझा फौजदार.” औषधाचा निरोप दिला. “आता कोण खातंय त्याला,” म्हणाले आणि खिशातून मूठभर ज्वारी काढून जाळीतून टाकली.

ज्वारीचा दाणा अजून मोठा पडतो. तीन टिपले, एक गेला.

खुराड्याच्या दाराला बिजागऱ्या बसवल्या. कडी आतून सुटणार नाही अशी हवी, मुंगूस साधी कडी उचलतं.

३० जानेवारी, गुरुवार

औषध संपलं. डॉक्टरांनी तोंड बघितलं: थर गेला, जिभेच्या मुळाशी पांढरी खूण राहिली आहे, ती राहणार. आज कोरडी बाजरी ५० ग्रॅमपैकी ४४ ग्रॅम पोटात गेली. संध्याकाळी पिशवी भरलेली.

२ फेब्रुवारी, रविवार

नव्या खुराड्यात हलवलं, सगळ्यांना एकदमच आणि अंधार पडल्यावर. कोंबडीला अंधारात दिसत नाही, उचलून दांडीवर ठेवलं की बसून राहते आणि सकाळी उठून तेच घर धरते. फौजदार इतके दिवस वेगळा होता, म्हणून परत घेताना भांडण होईल अशी शंका होती. तांबडीने सकाळी तुऱ्यावर एक टोच दिलीच. त्याने पंख खाली सोडून तिच्याभोवती अर्धी फेरी मारली आणि प्रकरण मिटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

वजन २ किलो ३५०. बोलावणं परत सुरू झालं आहे, कुक्-कुक् सकट, आणि आता मी ते कान देऊन ऐकते. आवाज आहे आणि दाणा पडतोय, तर साहेब यजमानपण करताहेत. आवाजाशिवाय पडला तर चोच उघडून बघायची. रोज संध्याकाळी डालायच्या आधी त्याला एकट्याला चाळीस ग्रॅम बाजरी देते, चौघी आत गेल्यावर, म्हणजे वाटायला कुणी उरत नाही. दर रविवारी वजन, त्यासाठी वहीत रकाना आखला.

शेवग्याचा शेंडा ह्यांनी छाटून घेतला. मांजाचा पुंजका त्यावर होताच, हिरवा. धाकटा आणि त्याचे मित्र गल्लीतला उरलेला मांजा गोळा करताहेत. किलोला दहा रुपये देईन असं मी म्हटलं होतं, पण मांजाचं वजन काहीच भरत नाही म्हणून पोरं आता वितीवर भाव मागताहेत.

बाकी: पत्र्याच्या मागच्या कडेला पट्टी लावायची राहिली. अंडी घालायच्या खोक्यात भुशाऐवजी बाजरीचं सरमाड घालून बघायचं. पाव किलो खिळे.